बालकाची वाढ आणि विकास

जन्मापासून पौगंडावस्था संपेपर्यंत मुलाच्या शरीरात आणि क्षमतांमध्ये क्रमाने होणारे बदल. यांपैकी वाढ म्हणजे आकारमानातली भर. ती वजनकाट्यावर आणि मोजपट्टीने मोजता येते. विकास म्हणजे मान धरणे, बोलणे, हिशेब करणे, मैत्री जोडणे अशा गोष्टी जमू लागणे. तो मुलाकडे पाहूनच ठरवावा लागतो. दोन्हींचा क्रम बहुतेक मुलांत सारखाच असतो, वेग मात्र ज्याचा त्याचा. शेजारच्या बाळाशी तुलना करून धास्तावणाऱ्या आईवडिलांना डॉक्टर हेच पुन्हा पुन्हा सांगत असतात.

पाठ्यपुस्तके सहसा नवजात (पहिले २८ दिवस), अर्भकावस्था (१ वर्षापर्यंत), शैशव (१ ते ३), शाळापूर्व वय (३ ते ६), शालेय वय (६ ते १०) आणि पौगंडावस्था (जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९) असे टप्पे पाडतात. सुश्रुतसंहितेने हीच विभागणी आहारावरून केली होती : एक वर्षापर्यंत दुधावर वाढणारा क्षीरप, दोन वर्षांपर्यंत दूध व अन्न दोन्ही घेणारा क्षीरान्नाद आणि त्यापुढचा अन्नाद. शरीराच्या वाढीपुरते बोलायचे, तर सुश्रुताची दृष्टी आजच्या शास्त्राच्या बरीच जवळ जाते. स्वीडिश संशोधक योहान कार्लबर्ग यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या प्रतिमानानुसार वाढीचे मुख्य टप्पे तीनच. अर्भकाची वाढ प्रामुख्याने पोषणावर चालते, बाल्यातली वृद्धिसंप्रेरक व थायरॉइडवर, आणि पौगंडातली या दोहोंच्या जोडीला आलेल्या लैंगिक संप्रेरकांवर. तान्हेपणी उपासमार झाली तर नुकसान मोठे का होते, हे यावरून उमगते.

पहिले वर्ष. वाढीचा इतका वेग जन्मानंतर पुन्हा कधीच येत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाची लांबी ५० सेंमी. च्या आसपास असते, वजन २.५ किग्रॅ. पेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे मानतात. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. ते दहाएक दिवसांत भरून निघते, पण तेवढ्यात घरातले कोणीतरी ‘दूध पुरत नाही’ असा निकाल देऊन वरचे दूध सुरू करते. वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट, वर्षाने तिप्पट होते आणि लांबी सुमारे २५ सेंमी.ने वाढते. डोक्याचा घेर ११-१२ सेंमी.ने वाढतो; पुढच्या अख्ख्या वर्षात तो जेमतेम २ सेंमी. वाढतो. मेंदूच्या या घाईला जागा मिळावी म्हणूनच कवटीची हाडे जुळलेली नसतात. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. ती हाडे वाढल्याने भरते, वरून तेल थापल्याने नव्हे.

विकास डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे सरकतो. दीड-दोन महिन्यांचे बाळ ओळखीचे हसते, तीन-चार महिन्यांत मान धरते, मग कुशीवर वळते, पालथे पडते, बसते. आधी सगळा पंजा मारून वस्तू ओढणारे मूल नऊ-दहा महिन्यांत चुरमुऱ्याचा दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलते. याच सुमारास ते अनोळखी माणसाला पाहून भोकाड पसरते आणि ‘बुवा-कुक’ खेळात रमते. पदराआड गेलेली आई नाहीशी झालेली नसते, हे त्याला आता कळू लागलेले असते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी या जाणिवेला वस्तूच्या स्थायित्वाचे भान म्हटले.

कोणती गोष्ट नेमकी कधी यावी, याचे उत्तम उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ ते २००३ मधल्या अभ्यासात मिळते. ब्राझील, घाना, भारत (दक्षिण दिल्ली), नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील निरोगी, स्तनपानावर वाढलेली मुले त्यासाठी निवडली होती. त्यातून एक तारीख निघाली नाही, लांबरुंद पट्टे निघाले. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, रांगणे ५.२ ते १३.५ महिने आणि स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिने. चार टक्क्यांच्या आसपास मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. म्हणजे चौदाव्या महिन्यात न चालणारे मूल मंद नसते. अठरा महिने उलटूनही पाऊल टाकत नसेल तर मात्र तपासणी हवी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय मोजताना जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वजा करावे लागतात, आणि हे दोन वर्षांपर्यंत.

घरोघरीच्या रीती या टप्प्यांना धरूनच आल्या आहेत. सहाव्या महिन्यानंतरचे उष्टावण आजच्या वैद्यकीय सल्ल्याशी तंतोतंत जुळते. मधात उगाळलेली गुटी मात्र जुळत नाही : वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. ज्यात मूल बसवून सोडतात तो प्लॅस्टिकचा वॉकर अपघाताला निमंत्रण देतो आणि चालणे लवकर शिकवतही नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

शैशव ते शालेय वय. दुसऱ्या वर्षापासून वाढ मंदावते आणि त्याबरोबर भूकही. ‘पूर्वी छान जेवायचा, आता तोंड फिरवतो’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. एक वर्षाच्या सुमारास एखादा शब्द, दोन वर्षांच्या सुमारास ‘आई ये’सारखी दोन शब्दांची वाक्ये, तिसऱ्या वर्षी प्रश्नांची सरबत्ती असा बोलण्याचा प्रवास असतो. अडीच वर्षांपर्यंत २० दुधाचे दात येतात. मूल तीन वर्षांचे झाले की वर्तुळ, चार वर्षांचे झाले की चौकोन आणि पाचचे झाले की त्रिकोण पाहून काढू शकते. बालवाडीतल्या मुलाकडून ओळीत अक्षरे गिरवून घेण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढा क्रम जरी लक्षात ठेवला तरी पुरे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी उभारलेले शिक्षण याच समजुतीवर चालले : आधी खेळ, गाणी, हातांना काम, अक्षरे नंतर.

शालेय वयात उंची वर्षाला ५-६ सेंमी. आणि वजन २-३ किग्रॅ. वाढते. शरीराच्या दृष्टीने हा संथ काळ. टॉन्सिल मात्र याच वयात मोठे दिसतात, कारण त्यांच्यासारख्या लसिका ऊती (रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या) पौगंडापूर्वी कमाल आकाराला पोचतात. प्याजे यांच्या मते सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला कळते, की रुंद वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतले तरी ते तेवढेच राहते.

मोजमाप. एकदाच घेतलेले वजन फारसे काही सांगत नाही. वाढीच्या तक्त्यावर मुलाची रेघ कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहायचे. दोन वर्षांपर्यंत मुलाला झोपवून लांबी घेतात, त्यापुढे उभे करून उंची. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावून घेर पाहतात. सहा महिने ते पाच वर्षे वयात तो ११.५ सेंमी.खाली असेल तर मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, ठरते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. या बुटकेपणाचे खापर आनुवंशिकतेवर फोडता येत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या वरील अभ्यासात दिल्लीतल्या चांगले पोषण मिळालेल्या मुलांची वाढ ओस्लोच्या मुलांसारखीच निघाली होती.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने सुरू केलेल्या अभ्यासाने चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किग्रॅ., इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे स्नायूंनी बारीक होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाशी याचा संबंध जोडला जातो. म्हणून लहान जन्मलेल्या बाळाला गुटगुटीत करण्याचा अट्टहासही धोक्याचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वयाचे सध्याचे तक्ते (२०१५) पुण्याच्याच वामन आणि अनुराधा खाडिलकर यांच्या पुढाकाराने तयार झाले आहेत.

पौगंडावस्था. मुलींमध्ये ती ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयांत कधीही सुरू होते. तिच्या पायऱ्या ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांनी ठरवून दिल्या. मुलींची पहिली खूण स्तनांची वाढ. पाळी साधारण दोन वर्षांनी येते, आणि तोवर उंचीचा जोर ओसरू लागलेला असतो. पाळीनंतर सहसा ५ ते ७ सेंमी.च उंची वाढते. त्यामुळे ‘पाळी आली, आता उंचीचे औषध द्या’ ही धावपळ उशिराची ठरते. मुलांचा जोर दोन वर्षे मागून, चौदाच्या आसपास येतो. ही दोन जादा वर्षे आणि मोठी उसळी यांमुळे प्रौढ पुरुष स्त्रियांपेक्षा सरासरी १३ सेंमी. उंच असतात. सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुले खुजी दिसतात, तीही याचमुळे. वर्गात उंचीने सर्वांत मागे राहिलेल्या मुलाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. ते खऱ्या वयाहून कमी भरले, म्हणजे वाढ अजून शिल्लक असली, आणि बाकी सर्व ठीक असले, तर वाट पाहणे हाच बहुधा उपचार असतो.

मेंदूचा आवेगाला आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. मित्रांसमोर धाडस दाखवण्याची ओढ मात्र त्याच्या आधीच आलेली असते. झोपेचे घड्याळही पुढे सरकते आणि रात्री अकराच्या आत डोळा लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. किशोरवयीन मुलांचे वर्ग या नियमात नाहीत.