यारा शाहिदी : पडद्यावरच्या झोईपासून मतदार नोंदणीपर्यंत

मार्च २०१९ मध्ये बार्बी बाहुलीला साठ वर्षे झाली, त्या निमित्ताने मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने निरनिराळ्या क्षेत्रांतील काही स्त्रियांच्या प्रतिकृती असलेल्या बाहुल्या घडवल्या. त्यांत एक बाहुली १९ वर्षांच्या अभिनेत्री यारा शाहिदी हिची होती आणि त्या बाहुलीच्या अंगातील शर्टावर 'व्होट' म्हणजे 'मतदान करा' हा एकच शब्द होता. लोकप्रिय नटीची बाहुली निघावी यात नवल नाही. मात्र तिला एखाद्या भूमिकेच्या पोशाखात न दाखवता मतदानाचे आवाहन अंगावर घालून उभे करावे, हे मराठी वाचकाला काहीसे चमत्कारिक वाटण्याची शक्यता आहे. आपल्याकडे मतदार यादीत नाव घालणे हे निवडणूक आयोगाचे काम आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे बीएलओ, घरोघरी फिरतात, नमुना क्रमांक ६ भरून घेतात आणि यादी अद्ययावत करतात. त्यात कितीही त्रुटी राहिल्या, तरी नोंदणीसाठी शासनयंत्रणेने नागरिकापर्यंत जावे हे तत्त्व आपण गृहीत धरलेले आहे. अमेरिकेत ते तत्त्वच नाही, आणि शाहिदीच्या कारकिर्दीचा दुसरा, अभिनयाबाहेरचा भाग समजून घ्यायचा तर सुरुवात तेथून करावी लागते.

अमेरिकेत मतदार म्हणून नाव नोंदवणे ही अनेक राज्यांत नागरिकाची स्वतःची जबाबदारी असते. नियम राज्यागणिक बदलतात, नोंदणीची अखेरची मुदतही बदलते, आणि नॉर्थ डकोटा या एका राज्यात तर मतदार नोंदणी हा प्रकारच नाही. मतदान मंगळवारी होते. हा वार १८४५ च्या कायद्याने ठरला, तेव्हा शेतकऱ्याला घोडागाडीने तालुक्याच्या गावी पोहोचायला एक दिवस लागत असे. देशभर लागू असलेली सुटी त्या दिवशी आजही नसते. घरापासून शेकडो मैल दूर, दुसऱ्या राज्यातल्या वसतिगृहात राहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला नोंदणी गावच्या पत्त्यावर करायची की महाविद्यालयाच्या, टपाली मतपत्रिका कधी मागवायची, ओळखपत्र कोणते चालेल, हे सगळे स्वतःच शोधावे लागते. टेक्सास राज्याने २०११ मध्ये केलेल्या ओळखपत्राच्या कायद्यात बंदुकीचा परवाना ग्राह्य ठरला आणि विद्यापीठाचे ओळखपत्र मात्र वगळले गेले, यावरून तरुण मतदाराच्या वाटेतील अडथळे नेहमीच अनवधानाने आलेले नसतात असे म्हणायला जागा आहे.

अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क ही अमेरिकेतही फार जुनी गोष्ट नाही. व्हिएतनाम युद्धात अठराव्या वर्षी सक्तीने सैन्यात भरती करता येत होते, पण बहुतेक राज्यांत मत देण्यासाठी एकविसावे वर्ष पूर्ण व्हावे लागत असे. लढायला मोठा आणि मत द्यायला लहान, ही विसंगती त्या काळच्या आंदोलनांनी ऐरणीवर आणली. १९७० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्याने वयोमर्यादा खाली आणली, परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा केवळ संघराज्याच्या निवडणुकांना लागू होईल, राज्यांच्या निवडणुकांना नाही, असा निर्णय दिला. एकाच केंद्रावर दोन वेगवेगळ्या मतदार याद्या ठेवण्याची वेळ येणार हे दिसताच सारी चक्रे वेगाने फिरली आणि १ जुलै १९७१ रोजी सव्विसावी घटनादुरुस्ती संमत झाली. काँग्रेसच्या मंजुरीनंतर अवघ्या शंभर दिवसांत आवश्यक तेवढ्या राज्यांनी तिला मान्यता दिली. त्या देशाच्या कोणत्याही घटनादुरुस्तीला इतक्या झटपट मान्यता मिळालेली नाही. भारतात हेच पाऊल एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून अमलात आले.

हक्क मिळाला, तरी नोंदणीचा अडसर कायम राहिला आणि शासनाने मोकळी सोडलेली ती जागा हळूहळू मनोरंजन क्षेत्राने व्यापली. १९९० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण व्यवसायातील मंडळींनी 'रॉक द व्होट' ही संस्था काढली. तिचा मूळ रोख गाण्यांवरील सेन्सॉरशिपला विरोध करण्याचा होता, पण एमटीव्ही वाहिनीच्या साथीने ती लवकरच तरुणांच्या नोंदणीची मोहीम बनली आणि मॅडोनासारखी गायिका अंगाभोवती राष्ट्रध्वज गुंडाळून तिच्या जाहिरातीत झळकली. वाहन परवाना काढतानाच मतदार नोंदणीची सोय करून देणारा १९९३ चा कायदा व्हावा यासाठीही या संस्थेने आग्रह धरला होता. २००४ च्या निवडणुकीत 'व्होट ऑर डाय', म्हणजे 'मत द्या नाहीतर मरा', अशी टोकाची घोषणा असलेले टी-शर्ट रॅप संगीताच्या दुनियेतून आले. त्या शर्टांचा गाजावाजा मोठा झाला आणि निवडणूक संपताच त्यांची आठवणही विरली. निवडणुकीपुरते प्रकटणारे तारे हा या परंपरेतील ठळक दोष आहे, आणि शाहिदीचे वेगळेपण शोधायचे तर ते या दोषाच्या संदर्भातच शोधले पाहिजे.

यारा शाहिदीचा जन्म १० फेब्रुवारी २००० रोजी मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरात झाला. वडील अफशीन शाहिदी मूळचे इराणचे. ते छायाचित्रकार असून त्याच शहरातील विख्यात गायक प्रिन्स याची छायाचित्रे त्यांनी अनेक वर्षे टिपली. आई केरी शाहिदी आफ्रिकी-अमेरिकी वंशाची. यारा लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियाला आले आणि जाहिरातींपासून तिचे काम सुरू झाले. २००९ च्या 'इमॅजिन दॅट' या चित्रपटात ती एडी मर्फीची मुलगी झाली, तर २०१० च्या 'सॉल्ट'मध्ये तिची छोटी भूमिका होती. बालकलाकाराच्या कारकिर्दीत एरवी दिसतो तसाच हा चढता, पण फारसा लक्षवेधी नसलेला आलेख होता.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी एबीसी वाहिनीवर 'ब्लॅक-इश' ही मालिका सुरू झाली आणि चित्र बदलले. केन्या बॅरिस यांनी निर्माण केलेली ही विनोदी मालिका लॉस एंजेलिसच्या एका सधन कृष्णवर्णीय कुटुंबाची होती आणि त्यातील थोरली मुलगी झोई ही शाहिदीची भूमिका होती. झोई हुशार आहे, पण सतत फोनमध्ये डोके घालून बसलेली, कपड्यांत आणि मैत्रिणींत रमलेली. राजकारणाशी तिला सुरुवातीला काही देणेघेणे नाही. मालिका मात्र राजकारण टाळणारी नव्हती. फेब्रुवारी २०१६ मधील एक संपूर्ण भाग हे कुटुंब दिवाणखान्यात बसून पोलिसी अत्याचाराच्या खटल्याच्या बातम्या पाहते आहे आणि मुलांना काय सांगावे यावर आईवडिलांचे एकमत होत नाही, एवढ्यावरच बेतलेला होता. आठवड्यामागून आठवडे असे संवाद बोलणाऱ्या मुलीला मुलाखतींतही तेच प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि ठरावीक गोड उत्तरे देऊन सुटका करून घेण्याऐवजी ती वाचलेल्या लेखकांचे दाखले देत बोलू लागली. तिच्या सार्वजनिक भूमिकेची जडणघडण चळवळीत झालेली नाही. चित्रीकरणाचा सेट, घरातील चर्चा आणि पुस्तके या तिहींच्या मधोमध ती झाली, असे मला वाटते.

याच काळात न्यूयॉर्कमधील मुलींच्या शाळा चालवणाऱ्या 'यंग विमेन्स लीडरशिप' या संस्थाजाळ्याशी तिने स्वतःला जोडून घेतले आणि विद्यार्थिनींशी शिक्षण व भवितव्य या विषयांवर नियमित संवाद साधणारा 'याराज क्लब' सुरू केला. जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांतील नागरिकांना प्रवेशबंदी करणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि त्या देशांत इराणही होता. आपले बाबा त्या काळी असेच विमानतळावर अडकून पडले असते, तर त्यांची नि आईची भेट झाली नसती आणि आपणही जन्मलो नसतो, अशा आशयाचे तिचे म्हणणे तेव्हा समाजमाध्यमांवर दूरवर पोहोचले. धोरणाच्या चर्चेत स्वतःच्या घराचा दाखला देण्याची ही पद्धत तिने पुढेही टिकवली. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. तिच्या अर्जासोबत मिशेल ओबामा यांचे शिफारसपत्र होते ही बातमी प्रवेशाहून अधिक गाजली. डिसेंबरमध्ये 'टीन व्होग' नियतकालिकाच्या परिषदेत हिलरी क्लिंटन यांच्याशी व्यासपीठावर संवाद साधण्याचे काम सतरा वर्षांच्या शाहिदीकडे होते. त्या वेळी तिला स्वतःला मताधिकारही नव्हता.

तो फेब्रुवारी २०१८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी महिनाभर आधी, ३ जानेवारीला, झोईला महाविद्यालयात नेणारी 'ग्रोन-इश' ही स्वतंत्र मालिका फ्रीफॉर्म वाहिनीवर सुरू झाली होती आणि तिचा सारा भार शाहिदीवर होता. प्रेक्षक साधारण तिच्याच वयाचे होते. अठरावा वाढदिवस तिने मतदार नोंदणीच्या निमित्ताशी जोडला आणि 'नाऊधिस' या डिजिटल वृत्तसंस्थेच्या सहकार्याने 'एटीन बाय एटीन' हा उपक्रम जाहीर केला. नव्याने मताधिकार मिळालेल्यांनी मध्यावधी, म्हणजे अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या, निवडणुकीत प्रथमच मतदान करावे, त्यासाठी नोंदणी, उमेदवारांची माहिती आणि स्थानिक प्रश्न यांबद्दल त्यांच्याच वयाच्या माणसांनी त्यांच्याशी बोलावे, अशी ही कल्पना होती. अमुक पक्षाला मत द्या, असे ती सांगत नव्हती, मात्र तिचा स्वतःचा कल कोणाकडे आहे हे लपूनही राहिलेले नव्हते.

वाढदिवसानंतर चारच दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत गोळीबार होऊन १७ जणांचा बळी गेला. वाचलेल्या विद्यार्थ्यांनी बंदूक नियंत्रणाची मागणी घेऊन २४ मार्चला देशभर मोर्चे काढले आणि त्यांतील अनेक ठिकाणी मतदार नोंदणीही झाली. शाहिदीच्या उपक्रमाला वाऱ्याची दिशा अनुकूल मिळाली ती अशा दुःखद कारणाने. नोव्हेंबरमध्ये निकाल लागले तेव्हा १८ ते २९ वयोगटातील मतदानाचे प्रमाण, जे २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीत जेमतेम २० टक्के होते, ते ३६ टक्क्यांवर गेल्याचे अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीत दिसले. याचे श्रेय एखाद्या अभिनेत्रीला देणे भाबडेपणाचे ठरेल. पार्कलंडची मुले, ट्रम्प यांच्याविषयीचा टोकाचा विरोध आणि तितकाच टोकाचा पाठिंबा, काही राज्यांनी सोपी केलेली नोंदणी, ही सारी कारणे एकाच वेळी काम करीत होती, आणि त्या वर्षी मतदान सर्वच वयोगटांत वाढले होते. ६५ वर्षांवरील मतदारांचे प्रमाण तर ६६ टक्के, म्हणजे तरुणांच्या जवळजवळ दुप्पट होते, ही बाब उत्साहाच्या भरात बहुतेकांनी नजरेआड केली.

तिच्यावरील आक्षेपही नोंदवले पाहिजेत. मोठ्या फॅशन कंपन्यांशी तिचे व्यावसायिक संबंध आहेत. २०२१ मध्ये ती दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीची प्रसिद्धीदूत झाली. मतदानाचा शब्द अंगावर घातलेली बाहुली ही अखेर विक्रीच्या व्यवसायात असलेल्या कंपनीची प्रसिद्धी होती, आणि लोकशाहीचा आग्रह अशा रीतीने वस्तूच्या रूपात मिरवला जातो तेव्हा त्यातील धार बोथट होते, ही तक्रार मला रास्त वाटते. मात्र दुसऱ्या बाजूने पाहिले, तर निवडणूक संपली म्हणून तिने दुकान आवरले नाही. उपक्रमाचे नाव पुढे 'वी व्होट नेक्स्ट' झाले आणि २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीतही तो चालू राहिला. त्या निवडणुकीत तिशीच्या आतील मतदारांपैकी सुमारे निम्म्यांनी मतदान केले. २००४ च्या टी-शर्टांशी तुलना करता हे सातत्य नजरेत भरते.

हार्वर्डमध्ये ती २०१८ च्या शरदात दाखल झाली आणि चित्रीकरण सांभाळत २०२२ मध्ये पदवीधर झाली. समाजशास्त्रीय अभ्यास आणि आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास हे तिचे विषय होते, आणि पदवीच्या प्रबंधासाठी तिने जमैकन विचारवंत सिल्व्हिया विंटर यांच्या लेखनाची निवड केली होती. 'माणूस' या शब्दाची व्याख्या कोणी केली आणि त्या व्याख्येबाहेर कोण राहिले, हा विंटर यांच्या लेखनातील कळीचा प्रश्न आहे. मतदार यादीत कोण असावे या प्रश्नापासून तो वाटतो तितका दूर नाही. दरम्यान २०२० मध्ये आईच्या भागीदारीत तिने 'सेव्हन्थ सन' ही निर्मितीसंस्था उभी केली आणि एबीसीच्या स्टुडिओशी करार केला, म्हणजे कोणत्या कथा पडद्यावर याव्यात हे ठरवण्याच्या बाजूला ती गेली. 'ब्लॅक-इश' २०२२ मध्ये आठ पर्वांनंतर आणि 'ग्रोन-इश' २०२४ मध्ये सहा पर्वांनंतर संपली.

२०२४ मध्ये तिने 'द ऑप्टिमिस्ट प्रोजेक्ट' हा पॉडकास्ट सुरू केला, ज्यात ती निरनिराळ्या क्षेत्रांतील लोकांना आशावाद कसा टिकवावा हे विचारते. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत तरुणांच्या मतदानाचे प्रमाण २०२० च्या तुलनेत खाली आले. 'एटीन बाय एटीन' सुरू झाले तेव्हा जी मुले बारा वर्षांची होती, त्यांना या निवडणुकीत पहिल्यांदा मत देता येणार होते, आणि अनेक राज्यांत त्यांनाही नाव स्वतःच नोंदवावे लागत होते.