बीटवर कट, पण कुठल्या बीटवर?

हिप-हॉप व्हिडिओंवरच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘इथे दृश्यं बीटशी छान जुळवली आहेत.’ वाक्य खोटं नसतं, पण त्यातून हाताला काही लागत नाही. कारण ‘बीट’ या शब्दाला निदान तीन मालक आहेत आणि तिघांचाही त्यावर एकाच वेळी दावा असतो. या विषयावरचे बरेचसे वाद या एका शब्दापाशी येऊन अडतात, म्हणून आधी तोच निस्तरू.

संगीत शिकलेल्याच्या लेखी बीट म्हणजे मात्रा. चार मात्रांचा एक बार, पहिलीवर किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका), दुसरी आणि चौथीवर स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका). रॅपरच्या लेखी बीट म्हणजे आख्खा वाद्यतुकडा: ड्रम, बेस, सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा), सॅम्पलसोबत आलेली रेकॉर्डची खरखर, सगळं मिळून. ‘बीट भारी आहे’ असं तो म्हणतो तेव्हा मात्रा मोजत नसतो. तिसरा दावेदार सिनेमावाला. पटकथेत बीट म्हणजे प्रसंगातला तो छोटा टप्पा, जिथे पात्राचा पवित्रा बदलतो.

आता वरचं वाक्य तिघांना वाचायला द्या. पहिला स्टॉपवॉच काढतो आणि कट, म्हणजे एक शॉट तुटून दुसरा लागण्याची जागा, स्नेअरवर पडतोय का ते बघतो. दुसरा म्हणतो, सॅम्पल जुन्या रेकॉर्डवरून उचललंय म्हणून चित्रही १६ मिलिमीटरच्या दाणेदार फिल्मवर घेतलंय, जुळणी ती. तिसऱ्याचं लक्ष हुक (गाण्यात परतपरत येणारी ओळ) सुरू होताना उघडणाऱ्या दाराकडे असतं. आणि तिघंही आपापल्या टिपणात ‘बीटशी जुळतं’ असंच लिहून मोकळे होतात.

अभ्यासकांच्या लिखाणात पहिला अर्थ वरचढ ठरला, कारण तो मोजता येतो. कट किती, शॉटची सरासरी लांबी किती, त्यातले मात्रेवर किती, असा तक्ता भरता येतो आणि तक्ता भरला की काम झाल्यासारखं वाटतं. माझ्या मते इथेच गाडी चुकीच्या रुळावर गेली. हिप-हॉपमध्ये मात्रा ही सगळ्यांत कमी हलणारी गोष्ट असते. लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तोच तुकडा, लागला की तो लागला. हलतो तो त्याच्यावरचा आवाज: कुठे ओढलेला, कुठे दाबलेला, कुठे सम चुकवून पुढच्या बारमध्ये सांडलेला. ज्याला फ्लो म्हणतात तो. चित्र कशाशी जुळलं हे बघायचं तर आधी हलणाऱ्या गोष्टीकडे बघायला हवं, एवढं साधं आहे हे.

तक्त्यांची हौस मात्र हिप-हॉपहून खूप जुनी. १९३८ च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ या सोव्हिएत चित्रपटाच्या दिग्दर्शकाने पुढे एका निबंधात गोठलेल्या सरोवरावरच्या लढाईआधीचे १२ शॉट ओळीने मांडले, खाली स्वरलिपी लावली आणि चित्रातली रेषा जशी चढते-उतरते तसे स्वरही कसे चालतात ते आकृतीत दाखवलं. १९४७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने या आकृतीची हवाच काढली. आक्षेप असा की हे साम्य चित्र आणि संगीत यांच्यातलं नाहीच, ते चित्र आणि कागदावर छापलेल्या नोटेशनमधलं आहे. कान काही कागद वाचत नाही. हा आक्षेप जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचं भरभर. १९९० मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने आवाज आणि चित्र एकाच क्षणी आले की मन त्यांना आपोआप सांधतं, या गोष्टीला नाव दिलं. त्याने जुळणीचं श्रेय एडिटरकडून थोडंसं बघणाऱ्याकडे सरकलं. १९९२ मध्ये पॉप व्हिडिओसाठी तीन कप्पे आले: चित्र गाण्याचा अर्थ दाखवतं, त्यात भर घालतं किंवा त्याच्याशी संबंधच ठेवत नाही. १९९८ मध्ये जवळपास तशीच आणखी एक त्रयी आली: चित्र आणि संगीत तेच सांगतात, एकमेकांना पूरक ठरतात किंवा भांडतात. हे सगळं कामाचं आहे, पण सगळं बाहेरून आणलेलं: सिनेमातून, रॉकमधून, जाहिरातीतून.

आतून आलेली मांडणी १९९४ ची. प्रवाह, थर आणि तुटणं या तीन गोष्टी एका अमेरिकन अभ्यासक बाईंनी ग्राफिटी, नाच आणि रॅप या तिन्हींत एकाच वेळी दाखवल्या. ग्राफिटीतलं अक्षर वाहत जातं आणि मध्येच काटकोनात मोडतं, नाचणारा वाहत जातो आणि मध्येच गोठतो, रॅपर वाहत जातो आणि मध्येच थांबतो. म्हणजे बघायचं आणि ऐकायचं यांची सांगड व्हिडिओ येण्याच्या आधीच पडलेली होती. हिप-हॉपचा जन्म जिथे झाला असं मानतात त्या, ११ ऑगस्ट १९७३ च्या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या पार्टीची गोष्ट पुन्हा सांगत नाही. एवढंच लक्षात घ्यायचं की रेकॉर्डमधला ब्रेक (नुसत्या तालवाद्यांचा तुकडा) दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या दोन यंत्रांवर, लांबवला जायचा तो नाचणाऱ्यांसाठी. स्नेअरवर गोठलेलं शरीर हाच या संगीताचा पहिला ‘कट’. त्यासाठी कॅमेरा लागला नाही.

कॅमेरा आला तेव्हा आधी त्याने फारसं काही केलं नाही. १९८२-८३ चे व्हिडिओ म्हणजे न्यूयॉर्कचे रस्ते, पडकी घरं आणि त्यांच्यासमोर उभे राहून ओळी म्हणणारी माणसं. रस्त्याबद्दलची ओळ आली की रस्ता, गाडीबद्दलची आली की गाडी. ऑगस्ट १९८१ पासून चोवीस तास व्हिडिओ दाखवणाऱ्या अमेरिकन वाहिनीने काळ्या कलाकारांना सुरुवातीची वर्षं जवळपास दाराबाहेरच ठेवलं. रॅपसाठी तिथे स्वतंत्र कार्यक्रम सुरू व्हायला ऑगस्ट १९८८ उजाडला. पैसा आणि प्रयोग त्यानंतरचे.

त्याच सुमारास दोन यंत्रं आली आणि जुळणीचं सगळं गणितच पालटलं. १९८८ मध्ये सोळा पॅडचा एमपीसी सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून बोटांनी वाजवायचं यंत्र) आला, १९८९ मध्ये संगणकावरचं नॉन-लिनियर एडिटिंग, म्हणजे शॉट हवे तसे मागेपुढे लावायची सोय. ही दोन यंत्रं एकमेकांशी कशी बोलत नव्हती हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. मिनिटाला ९० मात्रांचं गाणं घ्या. एक मात्रा म्हणजे सेकंदाचे दोन तृतीयांश. २४ फ्रेमच्या फिल्मवर हे बरोबर १६ फ्रेम होतात. पहिली मात्रा शून्यावर धरली तर स्नेअर सोळाव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या फ्रेमवर येतो, चौसष्टला पुन्हा सम. (टीव्हीवर जाताना हे आकडे थोडे हलायचे, ते सोडून देऊ.) एडिटरला इतकं सुबक गणित क्वचितच मिळतं. ९५ मात्रा केल्या की लगेच १५.१६ फ्रेम होतात आणि दर मात्रेला १५ फ्रेम मोजत बसलं तर दीड बारनंतर कट फ्रेमभर सरकलेला असतो.

एमपीसी मात्र एका मात्रेचे ९६ भाग करायचा. म्हणजे त्याच ९० च्या गाण्यात फिल्मच्या एका फ्रेममध्ये सॅम्पलरचे सहा भाग बसतात. स्नेअर तीन भाग मागे ओढला, की ऐकणाऱ्याची मान वेगळी डुलते. चित्राला ते तीन भाग दाखवता येतच नाहीत, त्याच्यासाठी ती अजून तीच फ्रेम आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात डेट्रॉइटहून आलेले मुद्दाम रेंगाळलेले ड्रम आठवा. त्या संगीताची सगळी गंमत एका फ्रेमच्या आत घडते. तिथे ‘कट बीटवर आहे’ म्हणणं म्हणजे कापडाच्या मीटरपट्टीने केस मोजण्यासारखं झालं.

त्यात एडिटिंगच्या पडद्यावर चित्राखाली आवाजाची लाट दिसू लागली. लाटेतला सुळका दिसला की तिथे कट मारायचा, हे डोळ्याने करता येऊ लागलं. १९४७ चा तो आक्षेप इथे जसाच्या तसा लागू पडतो: जुळणी आवाजाशी होत नाही, त्याच्या चित्राशी होते. जाणते एडिटर म्हणून सुळक्याच्या फ्रेमभर आधीच कापतात. त्यालाही कारण आहे. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो, पण मागे पडला तर जवळजवळ १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. चित्र थोडं पुढे धावलेलं आपल्याला चालतं. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, याची सवयच असते.

मग नव्वदच्या दशकातल्या बड्या व्हिडिओंनी काय केलं? त्यांनी कटचा नाद अर्धा सोडून दिला, आणि मला हा काळ सगळ्यांत आवडतो तो यासाठीच. फिशआय लेन्स घ्या. तिच्यावर ‘भडक’, ‘कार्टूनसारखी’ वगैरे बरंच लिहिलं गेलंय. पण ती लावल्यावर मधोमध असलेली वस्तू फुगते आणि कडेची वाकते. रॅपर एखाद्या अक्षरावर जोर देताना लेन्सकडे झुकतो, हात पुढे करतो, आणि तळहात एकदम डोक्याएवढा होतो. अक्षर संपलं, हात मागे, पुन्हा लहान. कट एकही नाही आणि तरी प्रत्येक जोर डोळ्यांना दिसला. फ्लो इथे आकारमानात उतरला आहे. असा व्हिडिओ तक्त्यात भरायला घेतला तर ‘कट कमी, जुळणी सैल’ असा शेरा पडेल.

दुसरी युक्ती स्लो मोशनची. सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, कॅमेरा २४ ऐवजी ४८ फ्रेमने फिरवायचा. रॅपरने दुप्पट वेगाने ओठ हलवायचे. नेहमीच्या वेगाला दाखवलं की ओठ गाण्याशी तंतोतंत जुळतात, पण धूर, कोटाची टोकं, गळ्यातली साखळी, सगळं अर्ध्या वेगाने तरंगतं. दुप्पट झेपत नसेल तर दीडपट वाजवून ३६ फ्रेम. एका चौकटीत दोन लयी, एक तोंडाची आणि एक अंगाची. विलंबित ठेक्यावर दुगुन चालावी तसं. १९९६ च्या लॉस एंजेलिसमधल्या एका व्हिडिओने तर ओळीच उलट्या पाठ केल्या, उलटे चालत चित्रित केल्या आणि मग फिल्म उलटी फिरवली. ओठ जुळतात, पण अंगाचं वजन कुठेतरी चुकीच्या पायावर पडत राहतं. उलट्या उच्चारांसाठी भाषाशास्त्र जाणणाऱ्याची मदत घेतली होती. इतकी खटपट कुणी मात्रेसाठी करत नाही. ती अक्षरांसाठी केली होती.

२००५ नंतर व्हिडिओ टीव्हीवरून इंटरनेटवर गेला आणि बजेटं आटली, हे सर्वांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते ट्रॅपने, हिप-हॉपच्या एका नव्या शाखेने, जुळणीची केलेली पंचाईत. मिनिटाला १४० मात्रा धरल्या तर एक मात्रा १०.३ फ्रेमची, आणि हाय-हॅटची (ड्रमसोबतच्या झांजांच्या जोडीची) जी बारीक सरसर असते तिचा एकेक ठोका जेमतेम सव्वा फ्रेमचा. चित्राने तिच्या मागे धावायचं म्हटलं तर पडदा नुसता लुकलुकेल. काहींनी तसं केलंही. बाकीच्यांनी हाय-हॅट बोटांना आणि खांद्यांना देऊन टाकली आणि कॅमेरा संथ ठेवला. ऐकू येते ती सरसर १४० ची, अंग मात्र ७० वर डोलतं.

मे २०१८ मधलं ‘धिस इज अमेरिका’, चाइल्डिश गॅम्बिनो या रॅपरच्या गाण्याचा व्हिडिओ, बहुतेकांनी प्रतीकांसाठी पिंजून काढलं: पँट कुणासारखी, उभं राहणं कुणासारखं. प्रतीकं आहेत, नाकारत नाही. पण जुळणीच्या दृष्टीने पहिलं मिनिट पुन्हा बघा. गिटार आणि समूहस्वर चालू आहेत, नाचत आलेला माणूस पिस्तूल काढतो, गोळी सुटते आणि त्या ठोक्यावर गाणं एकदम जड बेसचं होतं. संगीताचा सगळा रंग बदलतो आणि चित्रात कट नाही. त्याच शॉटमध्ये तो कॅमेऱ्याकडे वळतो, चालू लागतो. एवढा मोठा सांधा आला की एडिटर हमखास कापतो, प्रेक्षकही नकळत त्या कापण्याची वाट बघत असतो. इथे ते न झाल्यामुळे गोळीनंतरचं जग आधीच्याच जगाला चिकटून राहतं. तिन्ही बीट इथे एका क्षणावर आले आहेत: मात्रा, वाद्यतुकडा आणि पटकथेतला टप्पा. आणि कटांच्या तक्त्यात त्या जागी शून्य.

आता जुळणी करणारे एडिटर उरलेले नाहीत असं नाही, पण संख्येने जास्त आहेत ते फोन उभा धरून नाचणारे. पंधरा सेकंदांचा तुकडा, ‘फोन’ शब्दावर कानाला लावलेली मूठ, ‘पैसे’वर चोळलेली बोटं. १९८२ मध्ये रस्ता म्हटलं की रस्ता दाखवायचे, त्याच जातीची ही जुळणी. मोजणाऱ्यांनी या तुकड्यांसाठीही तक्ते काढायला घेतले आहेत. पण एकाच तुकड्यावर नाचणारी दहा जणं शेजारीशेजारी लावून बघावीत. शब्द तोच, खूण तीच, आणि बोट प्रत्येकाचं वेगळ्या फ्रेमला वर येतं. कुणी स्नेअरच्या आधी, कुणी नंतर, एखादी मुलगी नेमकी तिथे, जिथे रॅपरने अक्षर ओढलंय.