१८९३ हे जन्मसाल नव्हे

भुसावळात भंगारवाल्याकडे काचेचा जुना इन्सुलेटर (तारखांबावर तार अडकवायचा तो लट्टू) निघाला की तो त्यावरच्या उठावदार अक्षरांवर बोट ठेवतो, ‘भाऊ, १८९३चा माल!’ संग्राहकही बिनदिक्कत तेच पुढे सांगतात. चूक आहे ते.

अमेरिकेच्या हेमिंग्रे कंपनीच्या इन्सुलेटरवर ‘२ मे १८९३’ अशी इंग्रजी तारीख असते. ती पेटंटची. खालच्या कडेला बोट फिरवून बघा, काचेचे बारीक दाणे लागतील. पावसाचं पाणी त्यांच्यावरून ठिबकून जावं, कड लवकर कोरडी व्हावी, ही त्यामागची कल्पना. पेटंट त्या दाण्यांचं. तारीख मात्र पुढची कित्येक वर्षं साच्यात तशीच राहिली.

मग वय ओळखायचं कसं? आधी आकार. संग्राहक प्रत्येक नमुन्याला देतात ते सीडी (कन्सॉलिडेटेड डिझाइन) क्रमांक आकारावरून ठरतात, रंग किंवा नावावरून नाही. मग आतलं भोक बघा: तिथे आटे नसतील तर वस्तू बहुधा खरंच जुनी, कारण आट्यांचं पेटंट १८६५चं.

जांभळ्या रंगालाही भुलू नका. मँगनीज घातलेली बिनरंगी काच उन्हात वर्षानुवर्षं राहून जांभळी होते, आणि हल्ली किरणांचा मारा करून मुद्दामही करतात. आपल्या तारखांबांवरचे बहुतेक इन्सुलेटर तर चिनी मातीचेच असायचे!