चरित्रपटातील गायकाचे रूपांतर

होऊन गेलेल्या गायक-वादकाची भूमिका करताना नट त्या कलावंताचे दिसणे, बोलणे, बैठक आणि गाताना होणाऱ्या शरीराच्या हालचाली आत्मसात करतो, ती प्रक्रिया. राजा किंवा पुढारी साकारण्याहून हे काम अवघड आहे, कारण कलावंताचा आवाज श्रोत्यांच्या कानात आधीच बसलेला असतो.

कोल्हापूरला हा विषय घरचा आहे. गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था येथे 1883 पासून आहे आणि प्रभात फिल्म कंपनीही 1929 मध्ये येथेच उभी राहिली. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (1932) या बोलपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. हरिश्चंद्रही तेच झाले. त्या काळी नटाला स्वतःच गावे लागे. पुढे पार्श्वगायन आले आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा अशी वाटणी रूढ झाली.

‘बालगंधर्व’ (2011) हे या वाटणीचे उत्तम उदाहरण. सुबोध भावे पडद्यावर, आवाज आनंद भाटे यांचा. 59 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत भाटे यांचे पार्श्वगायन, विक्रम गायकवाड यांची रंगभूषा आणि नीता लुल्ला यांची वेशभूषा या तिन्हींचा गौरव झाला. एक बालगंधर्व उभा करायला किती हात लागले, हे त्यावरून कळते. ‘मी वसंतराव’मध्ये (2022) मात्र राहुल देशपांडे यांनी आजोबा, गायक वसंतराव देशपांडे यांची भूमिका केली आणि गायलेही स्वतःच. कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूजींवरील ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ (2024) या चित्रपटात सुनील बर्वे बाबूजी झाले आहेत.

परदेशातही दोन्ही वाटा दिसतात. ‘रे’मध्ये (2004) जेमी फॉक्स यांनी अंध गायक रे चार्ल्स साकारताना स्वतःचे डोळे बंद करून घेतले होते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मध्ये रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी साकारणाऱ्या रामी मलेक यांनी कृत्रिम दात लावले, पण गाण्यांत मुख्यतः मूळ आवाज ठेवला गेला. गायक एल्टन जॉन यांच्यावरील ‘रॉकेटमॅन’मध्ये टॅरन एजर्टन स्वतः गायले.

रंगभूषेने नाक-डोळे जुळवता येतात. खरी कसोटी दमसासाची, म्हणजे श्वासावरच्या ताब्याची. ओठ बरोबर हलतात, पण तान सुटण्याआधी छाती भरत नाही, तार सप्तकात जाताना गळ्याची शीर ताणली जात नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येताना साथीदाराकडे नजर जात नाही. ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच खटकते आणि मग केवढीही हुबेहूब पगडी कामाला येत नाही. म्हणून अशा नटाने गाणे शिकावेच. पडद्यावर गळा दुसऱ्याचा असला तरी श्वास कुठे घ्यायचा ते गाऊनच कळते.

या कसोटीची सर्वांत कठीण भूमिका उस्ताद अल्लादियाखाँ (1855–1946) यांची ठरेल. शाहू महाराजांच्या दरबारचे हे गायक. उमेदीच्या काळात अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. परतलेल्या, बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, तीच जयपूर-अत्रौली घराण्याची. नटाला येथे एकाच माणसाचे दोन गळे दाखवावे लागतील. खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण करू दिले नाही. त्यामुळे त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या मुलांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत, शिष्य-प्रशिष्यांच्या गळ्यातून मागे जात गुरूचा आकार (‘आ’ या स्वरातले गाणे) आणि दम शोधावा लागेल.