साठीतला गुडघा अठराव्या वर्षी जपायचा

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा तो गुळगुळीत पांढरा थर, माणसाला एकदाच मिळते. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याच खुणेवरून कूर्चेचं वय काढलं. तिला बळकटी देणारे कोलॅजेनचे धागे वाढीच्या वयातच विणले गेले होते, पुढे ते जवळजवळ बदललेच नव्हते. साठीत ज्या गुडघ्यांवर आपण जोतिबाच्या पायऱ्या चढणार, त्यांची कूर्चा तरुणपणीच तयार झालेली असते.

तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पाऊल पडलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की सांध्यातलं वंगण आत शोषते आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणून चालणं-पळणं बंद करून गुडघा वाचत नाही, उलट उपाशी राहतो. तिच्यात वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. दुखायला लागतं तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

आपल्या कोल्हापुरात याची सगळ्यांत जास्त काळजी फुटबॉलच्या मैदानावर घ्यायला हवी. शाहू स्टेडियमवर पेठेची इज्जत पणाला लागलेली असते. पोरगं वेगात वळतं, पाय जमिनीत रोवलेला राहतो आणि गुडघा फिरतो. आतून 'कट्' असा आवाज येतो. तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला, तर बहुतेकदा आत रक्त साचलेलं असतं आणि पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी गुडघा चोळून घेऊ नये आणि क्रेप बँडेज गुंडाळून पुढच्या सामन्यात उतरू नये. अस्थिशल्यतज्ज्ञाला दाखवावं. एसीएल किंवा गुडघ्यातली चकती फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना १० ते २० वर्षांत झिजेचा संधिवात गाठतो. अठराव्या वर्षी पडलेला मुलगा पस्तिशीतच जिना उतरताना कठडा धरतो. मुलींना तर याच खेळात ही इजा मुलांच्या दुपटीहून जास्त होते. मुलींचे संघ वाढताहेत याचा आनंद आहे, पण त्यांच्या प्रशिक्षकांनी हे ध्यानात ठेवलंच पाहिजे.

मग वजन. ते एक किलोने कमी झालं, तर चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. रंकाळ्यावर हजार पावलं टाकली, तर हिशेब चार टनांचा होतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात साधारण पाच किलो वजन उतरवलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्म्याहून खाली आला होता.

तालमीतल्या बैठकांनी गुडघे जातात असं अनेक घरांत सांगतात. मला ते पटत नाही. मांडीचे पुढचे स्नायू कमजोर असले, तर संधिवाताचा धोका वाढतो आणि बैठक नेमके तेच स्नायू घडवते. फक्त वस्तादांच्या नजरेखाली, हळूहळू संख्या वाढवत, गुडघा आत न वळवता. सुजलेल्या गुडघ्यावर मात्र एकही नको.

हे सगळं झिजेच्या संधिवाताबद्दल. आमवात वेगळा, त्यात प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तिथे तरुणपणी टाळता येणारी ठळक गोष्ट म्हणजे विडी-सिगारेट.

फुटबॉलसाठी फिफाने '११+' नावाचा सराव आखलाय. पळणं, तोल सांभाळणं, उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, असा वीसेक मिनिटांचा. चेंडूशिवाय दुसरं साहित्य लागत नाही. तो नेमाने करणाऱ्या संघांत इजा साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या आहेत. तालीम मंडळांनी हंगामाआधीच तो सुरू करावा. आणि एसीएलचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूला फायनलसाठी म्हणून घाईने उतरवू नये; ९ महिन्यांच्या आत परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका खूपच जास्त असतो.