मॅपेरियम

मॅपेरियम : अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या मेरी बेकर एडी ग्रंथालयातील, आतून पाहण्याचा रंगीत काचेचा पृथ्वीगोल. सुमारे ९.१ मी. (३० फूट) व्यासाचा हा गोल तीन मजल्यांइतका उंच असून प्रेक्षक त्यातून आरपार गेलेल्या काचेच्या पुलावर उभे राहून सभोवारचा नकाशा पाहतात. ख्रिश्चन सायन्स पंथाच्या प्रकाशन संस्थेच्या इमारतीचा भाग म्हणून वास्तुविशारद चेस्टर लिंडसे चर्चिल यांनी त्याची रचना केली व १९३५ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. ग्रंथालय मात्र बरेच नंतरचे, म्हणजे २००२ मधील आहे.

या कल्पनेच्या उगमाविषयी सामान्यतः असे सांगितले जाते की, न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ वृत्तपत्राच्या इमारतीतील फिरता पृथ्वीगोल चर्चिल यांच्या नजरेसमोर होता. ‘द ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’ हे दैनिक चालविणाऱ्या संस्थेला तशाच तोलाचे काही हवे असणे स्वाभाविक होते. परंतु तो गोल बाहेरून पाहण्याचा आहे. आत शिरून पाहण्याच्या गोलांची परंपरा त्याहून जुनी आहे: १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये ‘जिओरामा’ उभारला गेला होता, तर जेम्स वाइल्ड यांचा सुमारे १८ मी. व्यासाचा गोल १८५१ ते १८६२ या काळात लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये होता. या गोलांशी चर्चिल यांचा थेट संबंध जोडता येत नसला, तरी रचनेच्या दृष्टीने मॅपेरियम त्यांच्याच कुळातील मानणे अधिक सयुक्तिक ठरते. वाइल्ड यांच्या गोलात भूरूपे प्लास्टरमध्ये उठविलेली होती. येथे मात्र बाहेरून येणाऱ्या प्रकाशाने नकाशाच उजळतो, हे त्याचे खरे नावीन्य होय.

कांस्याच्या सांगाड्यात वक्र काचेची ६०८ तावदाने बसविलेली असून प्रत्येक तावदान साधारणतः दहा अक्षांश व दहा रेखांश व्यापते. या हिशेबाने पूर्ण गोलास ६४८ तावदाने लागली असती. तेव्हा ही जाळी सर्वत्र काटेकोरपणे पाळलेली नाही, हे उघड आहे. रंग काचेवर भाजून पक्के केलेले आहेत. मूळच्या दिव्यांच्या जागी २००२ च्या नूतनीकरणात एलईडी दिवे आले.

गोलाच्या मध्यातून पाहणाऱ्यापासून पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर असतो. त्यामुळे मर्केटर प्रक्षेपणाच्या सपाट नकाशावर फुगलेले ग्रीनलंड येथे आपल्या खऱ्या आकारमानात दिसते व आफ्रिकेचा विस्तार डोळ्यांत भरतो. उत्तर ध्रुव पाहण्यासाठी मान पूर्ण वर करावी लागते. नकाशा आतून वाचण्यासाठीच काढलेला असल्याने पूर्व-पश्चिम उलटत नाही.

काच ध्वनी शोषून घेत नसल्याने येथील नादही विलक्षण असतो. केंद्रापाशी बोललेला शब्द सर्व बाजूंनी परावर्तित होऊन सुमारे २७ सहस्रांश सेकंदांत केंद्राकडेच परततो. हे अंतर इतके अल्प आहे की वेगळा प्रतिध्वनी जाणवत नाही, तर स्वतःचाच आवाज भरदार झाल्यासारखा वाटतो. पुलाच्या एका टोकाशी केलेली कुजबुज दुसऱ्या टोकाशी स्पष्ट ऐकू येते. विजापूरच्या गोलघुमटातील सज्जाचा अनुभव असलेल्यांना हा प्रकार परिचित वाटेल. हा परिणाम मुळात योजलेला नव्हता, असे म्हटले जाते.

नकाशा रँड मॅकनॅली कंपनीच्या १९३४ च्या नकाशांवर आधारलेला आहे. तो काळ अखंड हिंदुस्थानचा, फ्रेंच इंडोचायनाचा व बहुतांश आफ्रिकेवरील युरोपीय सत्तांचा होता. ब्रह्मदेशही १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत असे. सीमा बदलल्यावर नकाशा अद्ययावत करण्याचा विचार १९३९, १९५८ व १९६६ मध्ये झाला. परंतु खर्च आणि ऐतिहासिक मूल्य लक्षात घेऊन तो मूळ रूपातच राखण्यात आला.