जादा हार्ड डिस्क : विभाजन व फॉरमॅटिंग

घरगुती संगणकात मूळ हार्ड डिस्कच्या जोडीला बसवलेली दुसरी डिस्क वापरण्याजोगी करण्याची क्रिया. कोरी डिस्क केबलने जोडली तरी ती विंडोजच्या ‘धिस पीसी’ या ड्राइव्हांच्या यादीत आपोआप दिसत नाही, तिच्यावर आधी विभाजन-तक्ता (डिस्कचा कोणता भाग कोठून कोठवर आहे याची नोंद) लिहावा लागतो, मग एक वा अधिक पार्टिशन (डिस्कचे स्वतंत्र भाग) पाडून प्रत्येकावर फाइल प्रणाली, म्हणजे फाइली कोठे आहेत याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, मांडावी लागते. या शेवटच्या पायरीला फॉरमॅटिंग म्हणतात. कोकण किनाऱ्यावरील घरांत शिमगा-गणपतीचे व्हिडिओ, दशावताराची चित्रीकरणे, आंबा-काजूचे हिशेब आणि सातबाऱ्यांच्या स्कॅन प्रती साठत जाऊन सी ड्राइव्ह भरत आला, की ही गरज निर्माण होते.

विभाजन-तक्त्याचे एमबीआर आणि जीपीटी असे दोन प्रकार प्रचलित आहेत. १९८३ पासून वापरात असलेल्या एमबीआर तक्त्यात सेक्टरचा (डिस्कवरील साठवणीच्या लहानात लहान कप्प्याचा) पत्ता ३२ बिटांत लिहिला जात असल्याने, ५१२ बाइटांच्या सेक्टरच्या हिशेबाने, सुमारे २.२ टीबीपलीकडची जागा त्याच्या आवाक्यात येत नाही. शिवाय मुख्य पार्टिशन चारच पाडता येतात. जीपीटी तक्त्याला ही अडचण नाही, आणि त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही राहते. संगणक फारच जुना नसेल तर जीपीटी निवडावा, यात दुमत असण्याचे कारण नाही.

विंडोजमध्ये हे काम तिच्यातच असलेल्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनातून होते. नवी डिस्क तेथे ‘डिस्क १’ अशी दिसते व तिच्या रिकाम्या जागेवर काळी पट्टी असते. मूळ डिस्क बहुधा ‘डिस्क ०’ असते, परंतु केवळ क्रमांकावर विसंबणे धोक्याचे असून डिस्कची क्षमता पडताळूनच पुढे जावे, कारण या कामातले खरे नुकसान चुकीची डिस्क निवडल्यानेच होते. १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसणे हा दोष नव्हे. कारखानदार दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. फक्त विंडोजवर वापरायची डिस्क एनटीएफएस या फाइल प्रणालीत, लिनक्सवरची एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट करणे सोयीचे. फॅट३२ या जुन्या फाइल प्रणालीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे रात्रभराच्या दशावताराच्या चित्रीकरणाला ती निरुपयोगी ठरते.

‘क्विक फॉरमॅट’ काही सेकंदांत संपते, पण ते जुना मजकूर पुसत नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते व सदोष सेक्टरही हेरते. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीला पावणेतीन तास लागतात. मृगाच्या पावसात वीज इतका वेळ सलग राहील याची खात्री किनाऱ्यावर कोणी देत नाही. मध्येच वीज गेल्यास कोऱ्या डिस्कचे सहसा काही बिघडत नाही, काम पुन्हा आरंभावे लागते इतकेच. भरलेल्या पार्टिशनचा आकार बदलताना अथवा ते सरकवताना मात्र वीज गेली, तर आतील माहिती गमावण्याचा संभव असतो. म्हणून असे काम आधी प्रत काढून आणि यूपीएसवरच करावे. साध्या घरगुती यूपीएसची बॅटरी तासन्‌तास पुरत नसल्याने मोठे काम पावसाळ्यापूर्वी उरकणे किंवा इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेणे बरे. एकाच डिस्कवर डी आणि ई असे दोन ड्राइव्ह पाडून एकातील फोटो दुसऱ्यात उतरवून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे, कारण डिस्क नादुरुस्त झाली की दोन्ही ड्राइव्ह एकदमच जातात.